वाया गेलेला डोस आणि परत गेलेला माणूस

लसीकरण केंद्र पाच वाजता बंद होणार आहे. साडेचारला दारात तीन माणसे उभी आहेत. टेबलावरची कुपी नुकतीच संपली आहे आणि व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवणाऱ्या पेटीत, न उघडलेल्या दोन कुप्या शिल्लक आहेत. एका कुपीत दहा डोस. नवी उघडली तर तीन टोचले जातील आणि सात टाकावे लागतील. न उघडली तर तिघांना "उद्या या" म्हणून सांगावे लागेल. नर्सने काय करावे?

शहराच्या लसीकरणाचे यशापयश बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर नर्सच्या हातात नसते. टाकलेले सात डोस त्याच रात्री वॉर्डच्या अहवालात दिसतात, तिथून जिल्ह्याच्या, राज्याच्या तक्त्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करून जाब विचारते. परत गेलेली तीन माणसे मात्र कुठल्याच रकान्यात येत नाहीत. त्यांपैकी एक रोजंदारीवर आहे, तो उद्या येणार नाही. दुसरी बाई दोन बस बदलून आली आहे, तीही बहुधा येणार नाही. कागदावर हे केंद्र त्या दिवशी निर्दोष ठरते. आमचे म्हणणे असे, की महामारीत शहराने उघड्या कुपीतल्या नासाडीबद्दल केंद्रांना धाकात ठेवणे थांबवावे आणि परत गेलेल्या माणसांचा हिशेब मागायला सुरुवात करावी.

हा धाक आला कुठून, ते भारताच्या कोविड मोहिमेत स्पष्ट दिसते. डिसेंबर 2020 मधल्या मार्गदर्शक सूचनांत नियोजनासाठी 10 टक्के नासाडी धरलेली होती. म्हणजे 100 डोस टोचायचे तर 111 मागवायचे, गुणक 1.11. हे शहाणपणाचे गणित होते, नियमित लसीकरणाच्या अनुभवातून आलेले. मग पुरवठा आटला आणि सूर बदलला. मे 2021 मध्ये राज्यांना नासाडी 1 टक्क्याच्या आत ठेवायला सांगितले गेले आणि 8 जूनच्या सुधारित सूचनांत लिहिले गेले, की लस वाया गेली तर त्या राज्याच्या वाटपावर प्रतिकूल परिणाम होईल. राज्याने तो दट्ट्या जिल्ह्याला लावला, जिल्ह्याने केंद्राला, आणि शेवटी तो येऊन पडला कुपी हातात धरलेल्या नर्सवर.

आता 1 टक्का म्हणजे नेमके किती, हे मोजून पाहू. दिवसाला केंद्रावर किती माणसे येतील हे कोणाच्या हातात नसते. 41 आली तर शेवटच्या कुपीतले नऊ डोस उरतात, 49 आली तर एक, 50 आली तर शून्य. अनेक दिवसांची सरासरी काढली तर दर सत्राला साडेचार डोस उरतात. दहा डोसांची कुपी वापरणाऱ्या प्रत्येक सत्राला हे लागू आहे, नर्स कितीही दक्ष असली तरी. 100 माणसांच्या सत्रात साडेचार डोस म्हणजे 4.3 टक्के. वस्तीतल्या समाजमंदिरात 20 माणसांचे छोटे सत्र घेतले तर तेच साडेचार डोस 18 टक्के होतात. आणि 1 टक्क्याच्या आत राहायचे तर एका सत्रात जवळजवळ 450 माणसे हवीत, तीही एकाच टेबलावर. कोव्हॅक्सिनची सुरुवातीची कुपी तर 20 डोसांची होती. तिथे सरासरी साडेनऊ डोस उरतात, म्हणजे 100 माणसांमागे 8.7 टक्के.

एवढे पाहिल्यावर कळते, की 1 टक्क्याचे लक्ष्य ठेवणे म्हणजे मोठी केंद्रे चालवा आणि छोटी बंद करा असे सांगणे. तसे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण वॉर्डचा आरोग्य अधिकारी आकडा बघून तेच करतो. मैदानावरच्या भव्य केंद्रात हजार माणसे येतात, नासाडी नगण्य राहते, छायाचित्रही चांगले निघते. तिथे पोहोचायला वाहन लागते, अर्धा दिवस लागतो, आणि 2021 च्या मेमध्ये 18 ते 44 वयाच्या माणसाला आधी फोनवर जागा आरक्षित करावी लागत होती. ज्यांच्याकडे यांपैकी काही नव्हते, त्यांच्यासाठीच वस्तीतले छोटे सत्र हवे होते. त्याच सत्राची टक्केवारी कागदावर सगळ्यात वाईट दिसते.

24 मे 2021 रोजी केंद्र सरकारने या वयोगटाला सरकारी केंद्रांवर थेट येऊन नोंदणी करण्याची मुभा दिली. त्या आदेशात दोन कारणे होती. ज्यांच्याकडे इंटरनेट वा फोन नाही त्यांची सोय हे एक, आणि आरक्षण करून न आलेल्या माणसांमुळे दिवसअखेर उरणारे डोस वाया जाऊ नयेत हे दुसरे. मुभा योग्यच होती. पण फोन नसलेला माणूस हा उरलेल्या डोसांवरचा उपाय नव्हे. त्याला सकाळी नऊ वाजताही तितकाच हक्क आहे.

इथे कोणी विचारेल, की उघडलेली कुपी उद्या का वापरायची नाही? हा नियम सैल करा असे आम्ही अजिबात म्हणत नाही. 1928 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात घटसर्पाच्या लसीची एकच बाटली बरेच दिवस पुन्हा पुन्हा वापरली गेली. तिच्यात जंतुरोधक नव्हते. सुई आत-बाहेर होताना स्टॅफिलोकोकस जंतू शिरला, उकाड्यात वाढला आणि शेवटच्या दिवशी टोचलेल्या 21 मुलांपैकी 12 मुले दगावली. बहुडोस कुपीत जंतुरोधक घालण्याचा आग्रह अशा दुर्घटनांमधून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या धोरणानुसार जंतुरोधक असलेली पात्र लस उघडल्यावर 28 दिवसांपर्यंत चालते, नसलेली सहा तासांनी किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकावी लागते. कोव्हिशील्डमध्ये जंतुरोधक नव्हते. भारतात कोविड लसीच्या उघड्या कुपीसाठी चार तासांची मर्यादा होती. म्हणून कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची, सुई रबरी झाकणात रुतवून ठेवायची नाही, पुढच्या माणसांसाठी सिरिंजा आधीच भरून ठेवायच्या नाहीत, आणि दोन कुप्यांतले उरलेले थेंब एकत्र करून एक डोस कधीच बनवायचा नाही. शेवटचा मोह नासाडीच्या धाकातूनच सुटतो, म्हणून तो मुद्दाम सांगितला.

केरळचे उदाहरण या चर्चेत हमखास येते. मे 2021 च्या सुरुवातीला राज्याने जाहीर केले, की केंद्र सरकारकडून 73 लाख 38 हजार 806 डोस मिळाले आणि त्यातून 74 लाख 26 हजार 164 टोचले. हे शक्य झाले कारण कुपीत लेबलावर लिहिल्यापेक्षा थोडी जास्त लस भरलेली असते. अर्धा मिलिलिटर काटेकोर ओढला, हवेचा बुडबुडा काढताना थेंब उडवला नाही आणि सुई-सिरिंजच्या सांध्यात कमी द्रव अडकला, तर अकरावा डोस निघतो. ते तिथल्या परिचारिकांच्या हातांचे कौतुक आहे आणि पूर्णपणे रास्त आहे. फायझरच्या लसीचेही असेच झाले. पाच डोसांच्या कुपीतून सहावा निघतो हे लक्षात आल्यावर जानेवारी 2021 मध्ये युरोपात कुपी सहा डोसांची धरली गेली, आणि कंपनीने पुरवठाही त्याच हिशेबाने मोजायला घेतला. ज्यांच्याकडे कमी द्रव अडकवणाऱ्या सिरिंजा नव्हत्या, त्यांच्या वाट्याला कागदावर सहा आणि हातात पाच आले. अकरावा डोस ही बक्षिसी आहे. तो लक्ष्यात धरला की ओढणाऱ्या हातावर दाब येतो, आणि अर्ध्या मिलिलिटरऐवजी 0.45 ओढले जाण्याची वाट मोकळी होते. टोचून घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

आकड्यांच्या विश्वासार्हतेबद्दलही बोलायला हवे. मे 2021 मध्येच केंद्र सरकारच्या तक्त्यात झारखंडची नासाडी 37.3 टक्के आणि छत्तीसगडची 30.2 टक्के दाखवली गेली. दोन्ही राज्यांनी ती नाकारली. झारखंडचा स्वतःचा आकडा 4.65 टक्के होता. एवढा फरक कुप्या फुटून पडत नाही. पाठवलेला साठा आणि लसीकरणाच्या पोर्टलवर चढवलेले डोस यांच्या वजाबाकीला नासाडी म्हटले गेले, तर सर्व्हर बंद असताना टोचलेला आणि अजून न चढवलेला डोसही वाया गेलेला ठरतो. ज्या आकड्यात नोंदीची चूक, वाहतुकीतला साठा आणि खरी नासाडी एकत्र कालवलेली आहे, त्यावर कोणाचे वाटप कमी करणे अन्यायाचे आहे.

म्हणून शहराने पहिली गोष्ट करावी ती ही: नासाडीची दोन खाती ठेवावीत आणि दोन्हींना वेगळा न्याय लावावा. न उघडलेली कुपी वाया गेली तर कडक चौकशी व्हायलाच हवी. तिची कारणे थोडी आहेत आणि जवळजवळ सगळी टाळता येतात. आईस पॅक फ्रीजरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये भरले, की त्यांना चिकटलेली कुपी गोठते. पॅक हलवल्यावर आत पाणी खुळखुळेपर्यंत तो बाहेर ठेवायचा असतो, आणि ऐन सकाळच्या घाईत तेच राहून जाते. वरून उघडणाऱ्या शीतपेटीत कुप्या टोपलीऐवजी तळाशी ठेवल्या, तरी गोठतात. ॲल्युमिनियम असलेली लस एकदा गोठली की वितळल्यावर दिसते ठीक, पण कामाची राहत नाही. कोविडच्या प्रत्येक कुपीवर उष्णता दाखवणारी रंगखूण असेलच असे नव्हते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळची तापमान नोंद हाच आधार होता. रविवारी कोणी नोंद घेतली नाही आणि शनिवारी रात्री वीज गेली, तर सोमवारी त्या पेटीतल्या लसीबद्दल खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. मुदत उलटणे, फुटणे, चोरी, हे सगळे याच खात्यात. इथे एक टक्कासुद्धा जास्त आहे.

उघड्या कुपीतून उरलेले डोस मात्र सेवा दारापर्यंत नेण्याचा खर्च म्हणून धरावेत. बस शेवटच्या फेरीला अर्धी रिकामी धावते म्हणून कोणी वाहकाला नोटीस देत नाही. छोट्या सत्राला मंजूर नासाडी आधीच लिहून द्यावी: 20 माणसांच्या सत्राला 20 टक्के, 100 च्या सत्राला 5. तेवढ्यापर्यंत कोणी विचारणार नाही, आणि हे नर्सला लेखी दिलेले असावे. तोंडी आश्वासनावर कोणी कुपी उघडत नाही.

यावरचा खरा आक्षेप टंचाईचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. लसच कमी असेल तर टाकलेले सात डोस म्हणजे उद्याच्या रांगेतली सात माणसे. अशा दिवसांत तिघांसाठी कुपी उघडणे चूक ठरू शकते. पण त्यावर उपाय तिघांना परत पाठवणे हा नाही. उरलेल्या सातांना बोलावून आणणे हा आहे. त्यासाठी राखीव यादी लागते, आणि ती सकाळीच तयार असावी लागते. केंद्रापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरची पंधरा-वीस नावे, फोन क्रमांकासह: सफाई कामगार, रिक्षावाले, बाजारातले हमाल, दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेलेले लोक. क्रम सकाळी ठरवून पर्यवेक्षकाच्या सहीनिशी बंद करायचा, म्हणजे संध्याकाळी कोणाचा मेहुणा मध्ये घुसत नाही. चार वाजता पर्यवेक्षकाने दारातली माणसे आणि उघड्या कुपीतले डोस मोजायचे, कमी पडत असतील तेवढे फोन करायचे, आणि साडेचारला निर्णय घ्यायचा. टंचाई असताना दारातले आणि फोनवर "निघालो" म्हणालेले मिळून सात झाले की उघडायची. शीतपेटीत तीन दिवसांचा साठा पडून असेल तर एकासाठीही उघडायची. गोवराच्या लसीबाबत एकच बालक आले तरी कुपी उघडा, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. लहान मुलांसाठी जे मान्य आहे ते महामारीत मोठ्यांसाठी का नसावे?

राखीव यादी नसली आणि शिक्षेची भीती असली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. न्यूयॉर्क राज्याने 2020 सरताना आणि 2021 उजाडताना दोन दंड जाहीर केले: प्राधान्यक्रम मोडून लस दिली तर दहा लाख डॉलरपर्यंत, आणि मिळालेली लस सात दिवसांत वापरली नाही तर एक लाखापर्यंत. क्रमातला माणूस सापडेना आणि क्रमाबाहेरच्याला देता येईना. डोस टाकून दिल्याच्या बातम्या आल्या आणि मग नियम सैल करावे लागले. टेक्सासच्या हॅरिस काउंटीत डिसेंबर 2020 मध्ये एका डॉक्टरच्या सत्रात शेवटी आलेल्या एका माणसासाठी मॉडर्नाची कुपी उघडली गेली आणि उरलेले दहा डोस त्या डॉक्टरने मुदत संपण्याआधी रात्री फिरून पात्र लोक शोधून दिले. त्याची नोकरी गेली, चोरीचा आरोप लागला. न्यायाधीशांनी आरोप फेटाळला, पुढे ग्रँड ज्युरीनेही, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानेही, खटला भरण्यास नकार दिला. पण ते व्हायला सहा महिने लागले. तोवर इतर ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी यातून कोणता धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

शेवटच्या तासाची आणखी एक साधी गोष्ट आहे, जी बहुतेक केंद्रांत राहून जाते. चार टेबले चालू असतील तर चार उघड्या कुप्या असतात आणि उरणारे डोस साडेचारच्या चौपट, म्हणजे अठरा. शेवटच्या तासात रांग एकाच टेबलावर वळवली, बाकीच्या टेबलांवरच्या कुप्या उघडल्याच्या वेळेनुसार तिथे आणून आधीची आधी संपवली, तर ते पुन्हा साडेचारवर येतात. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी घड्याळाकडे लक्ष ठेवायला हवे. एकाच केंद्रात दोन वेगळ्या लसी ठेवल्या की उरलेले डोस पुन्हा दुप्पट होतात. छोट्या केंद्राला एकच लस द्यावी.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या लसीकरणात तर नासाडीचा मुद्दा सगळ्यात जास्त टोचला. घरोघरी लस का देता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयात सांगताना केंद्र सरकारने दिलेल्या कारणांत कॅरिअर वारंवार उघडावा लागेल, प्रवासात वेळ जाईल आणि लस वाया जाईल हीसुद्धा कारणे होती. जुलै 2021 च्या अखेरीस मुंबई महापालिकेने हे काम सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने देशभर परवानगी दिली. अडचण खोटी नव्हती. चार तासांत दहा घरे म्हणजे घरामागे 24 मिनिटे, आणि टोचल्यावर माणसाला अर्धा तास नजरेखाली ठेवायचे असते. एका पथकाला ते जमत नाही. पण साखळी लावली तर जमते: लस टोचणारी नर्स पुढच्या घरी जाते, आणि ॲड्रिनलिनसह (तीव्र ॲलर्जीवर तातडीने देण्याचे औषध) किट असलेला, ते वापरता येणारा दुसरा आरोग्य कर्मचारी मागे थांबतो. असे दोन थांबणारे असले की नर्सचा खोळंबा होत नाही. आदल्या दिवशी आशा कार्यकर्तीने फोन करून कोण घरी आहे, कोणाला ताप आहे हे विचारून ठेवायचे आणि दहा घरे एकाच गल्लीच्या टापूत निवडायची. दहापैकी सात घरे झाली तर तीन डोस जातील. त्या सातजणांना दुसरा कुठलाच मार्ग नव्हता.

आता परत गेलेल्या माणसांची नोंद. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर नको, दाराशी एक वही हवी. नाव, फोन क्रमांक, आणि कारणासाठी खुणेचे सहा रकाने: ओळखपत्र नाही, आरक्षण नाही, ओटीपी आला नाही, दुसऱ्या डोसचे दिवस भरले नाहीत, लस संपली, कुपी उघडली नाही. ओळखपत्र नसलेल्यांसाठी मे 2021 मध्येच वेगळी कार्यपद्धती होती. पण दारावरच्या सुरक्षारक्षकाला ती माहीत असेल तरच तिचा उपयोग. वही भरणारा माणूस गेटवर बसायला हवा. आत बसला तर त्याला परत गेलेले दिसणारच नाहीत. ज्यांच्यासाठी कुपी उघडली नाही, त्यांची नावे दुसऱ्या दिवशीच्या राखीव यादीत सर्वांत वर लागावीत आणि सकाळी अकराच्या आत त्यांना फोन जावा.

कोविड मोहिमेत वॉर्डचा रोजचा अहवाल "टोचलेले डोस" आणि "नासाडी टक्के" या दोन आकड्यांवर चालत होता. त्यात तिसरा आकडा घालावा, परत गेलेले, आणि चौथा, त्यांपैकी तीन दिवसांत परत आलेले. आयुक्तांच्या साप्ताहिक बैठकीत सर्वांत आधी चौथा आकडा वाचला जावा. ज्या केंद्राचा तिसरा रकाना रोज शून्य येतो, तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला एखादा अधिकारी न सांगता गेटवर जाऊन उभा राहावा.